पायलट पावती देत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी ऐकावा लागतो, आणि बहुतेक वेळा गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात, कारण वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मी तिथंच फिरते. "बायकांवरचे अत्याचार थांबवायला सरकार एवढे कोटी देतं, मग तुम्ही आमच्याकडे कशाला येता?" कोणी सरळ कोंकणीत विचारतं, "ते पयशे वतात खंय?" त्या 'खंय'मध्ये किंचित संशय असतो. मला राग येत नाही. जन्मभर पतसंस्थेत हिशेब लिहिले आहेत. पैसे कुठे गेले असं विचारणारा माणूस मला आवडतो.

निवृत्त झाल्यापासून मी एका छोट्या महिला संस्थेची वही सांभाळते. पगारी कार्यकर्त्या दोघी, बाकी आम्ही फुकट्या.

आधी त्या 'एवढ्या कोटीं'चं सांगते. केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून बायकांसाठीच्या खर्चाचं एक वेगळं विवरणपत्र असतं, आणि वर्तमानपत्रात छापून येतो तो मोठा आकडा तिथला असतो. पण त्यात घरकुल योजनेचाही पैसा मोजलेला असतो. घर मिळालं तर वाईट काय, पण त्या घरात मार खायला लागू नये यासाठीचा पैसा वेगळा, आणि तो त्या आकड्यात फार बारीक दिसतो.

सरकार काहीच देत नाही, असंही मी म्हणणार नाही. २०१३ साली बायकांच्या सुरक्षेसाठीचा निर्भया निधी १,००० कोटींनी सुरू झाला. २०१५ पासून सखी केंद्रं आली. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन असं सगळं एका जागी, आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय. १८१ ही बायकांसाठीची हेल्पलाइनही तेव्हाचीच. त्याआधी रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला न्यायचं कुठे, तर कार्यकर्तीच्या घरी, हे आम्ही वर्षानुवर्षं केलेलं आहे. गोव्यात तर गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपयेही मिळतात. तेही मला लोक सुनावतात. पण ती योजना महागाईची झळ कमी व्हावी म्हणून आहे. पैसे बाईच्या खात्यात जमा होतात हे खरं. एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं, ते प्रत्येक घरी जाऊन बघायला हवं.

आता त्या रात्रीचं. शिगम्याचे दिवस, साडेनऊ वाजून गेलेले. सत्तरी तालुक्याच्या बाजूचा एक वाडा, शेवटची बस केव्हाच गेलेली. बाईच्या कडेवर दोन वर्षांचं मूल, पायात चप्पल नाही. शेजारणीच्या फोनवरून तिने आमच्या कार्यकर्तीला फोन केला. कार्यकर्तीने तिठ्यावरच्या ओळखीच्या पायलटला उठवलं. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा, विमानाचा नव्हे.) त्याने दोघांना कार्यकर्तीच्या घरी आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरी पोचवलं. अडीचशे आणि अडीचशे, पाचशे रुपये. मी पावती मागितली तर तो हसला. "रशीद कसली गो बाये?"

मी हाताने व्हाउचर केलं, त्याची सही घेतली, मोटरसायकलचा नंबर लिहिला. अनुदान देणाऱ्या खात्याकडून वर्षअखेरीला शेरा आला: अधिकृत पावतीअभावी खर्च अमान्य. मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही. ते पाचशे रुपये वर्गणीतून भरले. म्हणजे तुमच्या पैशातून.

यातली गंमत बघा. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. ज्या घरातून ती अनवाणी निघाली त्या घराची ती कायद्याने अर्धी मालकीण होती. कनवटीला अडीचशे रुपये नव्हते.

तुम्ही म्हणाल, १८१ ला का नाही फोन केला? मीही विचारलं होतं. तिचा स्वतःचा फोन नवऱ्याने काढून घेतला होता, आणि तिला पाठ असलेला बाहेरचा नंबर एकच, आमच्या कार्यकर्तीचा. तो पाठ का झाला, तर कार्यकर्ती त्या वाड्यावर वर्षभर दर गुरुवारी जात होती. जाऊन काय करायची? सोप्यावर बसायची. वैशाखात बायका सोलं वाळत घालायच्या, तर ही त्यांच्याबरोबर हात लावायची. सासूशी गुडघेदुखीवर बोलायची. मैदानावरच्या पोरांशी, बायकोवर हात उगारणं म्हणजे मर्दपणा का, यावर वाद घालायची आणि बहुतेकदा हरून परत यायची. वर्षभरात त्या वाड्यावर तिच्याकडे एकही तक्रार आली नाही. अहवालाच्या नमुन्यात रकाने तीनच होते: घेतलेली शिबिरं, उपस्थितांची संख्या, समुपदेशन केलेल्या पीडिता. गुरुवार कुठल्या रकान्यात लिहायचा? पहिल्या तिमाहीत मी तिन्हीकडे शून्य लिहिलं. वरून फोन आला, "तुमचं काम बंद आहे का?"

पैसा आहे, पण त्याला शीर्ष, म्हणजे खर्चाचं ठरलेलं खातं, लागतं, आणि शीर्षं तयार होतात ती मोजता येणाऱ्या गोष्टींची. निर्भया निधीतून रेल्वे स्थानकांवर कॅमेरे बसले, ११२ या तातडीच्या नंबराची यंत्रणा उभी राहिली, न्यायवैद्यक प्रयोगशाळांना पैसे मिळाले. हवंच आहे ते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरातल्या लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून मारहाण वा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. गोव्याचा आकडा याहून बराच कमी आहे, पण जे घडतं ते इथंही घरातच. तिथं कॅमेरा नाही, आणि नसावाच. 'बेटी बचाओ बेटी पढाओ'चं तर संसदेच्या समितीनेच सांगितलं: २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या पैशांपैकी जवळजवळ ७९ टक्के प्रसिद्धीवर गेले.

शिवाय पैसा येण्याची वेळ. पहिला हप्ता उशिरा येतो. त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला, दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. तो सुटतो फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत. मग काय, ८ मार्चचा महिला दिन आहेच मदतीला. हॉल, खुर्च्या, फलक, भाजी-पाव, स्मृतिचिन्हं. त्या वीस-पंचवीस दिवसांत आमच्या तालुक्यात स्त्री-पुरुष समानता अगदी दाटीवाटीने नांदते. फलकवाला पावती देतो ना! कार्यकर्तींचे पगार मात्र मधले पाच महिने उसनवारीवर.

पावत्या नकोतच, असं माझं म्हणणं नाही. पाटीपुरत्या असलेल्या संस्थाही मी बघितल्या आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. मला हवा आहे तो थोडासा मोकळा पैसा, ज्याचा हिशेब गुरुवारांतही देता येईल. केरळात पंचायतींना योजनानिधीतले किमान दहा टक्के महिलांसाठी ठेवावे लागतात, नव्वदच्या दशकापासून. गोव्यात १९१ पंचायती आहेत, बायका पंचही आहेत. आमच्या ग्रामसभेत मी हे एकदा मांडलं. विषय नोंदवून घेतला गेला आणि पुढे गटाराच्या कामावर दीड तास चर्चा झाली. गटारही तुंबलं होतंच म्हणा.

परवा बाजारातल्या एका भुसारवाल्याला हे सगळं सांगितलं, इतकं सविस्तर नव्हे. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने ऐकून घेतलं. गल्ल्यातून पाचशेची नोट काढली.

"पावती देऊ ना?" मी विचारलं.

"दी मगो. कितें म्हणून बरयतली?"

मी लिहिलं: पायलटचं भाडं. त्याने ते वाचलं आणि पावती गल्ल्यात ठेवली.