इम्युनिटी वाढवायला काय घेता, सर?

"सर, इम्युनिटी वाढवाचं काही घ्या न. मंग शरीर आतूनच दुरुस्त करते." शेजारच्या काकू हे म्हणतात तेव्हा हातात गुळवेलाच्या काढ्याची बाटली असते. तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

एप्रिलातली दुपार होती. कूलरच्या ताट्या बदलायला सज्जावर चढलो आणि पाठीवर आलो. फाइलवर 'डी-१०' लिहिलं आहे, म्हणजे छातीच्या भागातला दहावा मणका. कमरेखाली हालचाल नाही, जाणीव नाही. पडायला लागला एक सेकंद. पण मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूचं, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्याचं, नुकसान तिथे थांबत नाही, पुढचे कित्येक दिवस ते पसरत राहतं, आणि त्यात आपल्याच प्रतिकार पेशी सामील असतात. वीस वर्षं बारावीला बायोलॉजी शिकवली, पण हे मला खाटेवर पडल्यावर वाचून कळलं.

मज्जारज्जूत कायम मुक्कामी असलेल्या मायक्रोग्लिया पेशी काही मिनिटांत जाग्या होतात. काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. त्यांना एकच काम ठाऊक, जंतू मारणं. इथे जंतू नसतोच, तरी त्या आपली तिखट रसायनं सोडतात आणि वाचलेले शेजारचे तंतूही भाजून काढतात. दोन-तीन दिवसांनी येतात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. आठवडाभरात त्यांची नुसती गर्दी होते.

या भक्षक पेशींचं काम खरं तर मोलाचं. चेतातंतूवर मायलिनचं चरबीदार वेष्टन असतं. तुटलेल्या मायलिनचे तुकडे पडून राहिले, तर त्यातली काही प्रथिनं नव्या तंतूला वाढूच देत नाहीत. हातापायाच्या नसेत हा कचरा काही आठवड्यांत उचलला जातो, मज्जारज्जूत महिनोन्महिने पडून असतो. नागपुरात राहून दुसरी उपमा सुचत नाही: तान्ह्या पोळ्याला 'घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळी इडापिडा गोळा करायची, आणि मारबतीचा पुतळा जाळायला न नेता गल्लीतच उभी ठेवायची. पेशी चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच बसून राहतात. बसल्या बसल्या दाह चालूच.

मग या पेशी हव्यात की नकोत? इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांच्या तुटलेल्या मज्जारज्जूत मॅक्रोफेज सोडले. ते आधी हातापायाच्या नसेच्या तुकड्यासोबत ठेवलेले होते, जणू शिकवणीला घातलेले. उंदरांच्या पायांत थोडी हालचाल आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फिलिप पोपोविच यांच्या गटाने उलट केलं. रक्तातून येणारे मॅक्रोफेज कमी केले, आणि त्यांचेही उंदीर सुधारले! मी वर्गात असतो तर म्हणालो असतो, दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. कोणती पेशी, कोणत्या दिवशी, कशी तयार होऊन आली, यावर सगळं आहे. बरं, मायक्रोग्लिया काढून टाकल्या तर उंदरांची अवस्था आणखी बिघडते, कारण जखमेभोवती कुंपण घालायला त्याच लागतात.

श्वार्ट्झ यांची पद्धत माणसांवरही करून पाहिली. इजेनंतर १४ दिवसांच्या आत रुग्णाच्याच पेशी तयार करून टोचल्या. २०१२ मध्ये निकाल छापून आला: फायदा दिसला नाही. ते पान मी दोनदा वाचलं.

दाह सरसकट दाबायचाही प्रयत्न झालाच. १९९० मधल्या अमेरिकी चाचणीनंतर आठ तासांच्या आत स्टेरॉइडचा मोठा डोस द्यायची पद्धत पडली. फायदा वादातच राहिला, जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव मात्र वाढला. २०१३ मध्ये तिथल्याच न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी 'देऊ नका' म्हटलं. 'तुला स्टेरॉइड काहून नाही देलं' असं मामा अजून विचारतात, त्यांना हे उत्तर.

आणि प्रतिकारशक्ती कमी पडते तीही वेगळ्याच ठिकाणी. रिहॅबमध्ये माझ्या बाजूच्या खाटेवर मानेला मार लागलेला पोरगा होता. त्याला परत परत न्यूमोनिया व्हायचा. एक तर खोकायची ताकद नाही. शिवाय इजा वरच्या मणक्यांत असली की प्लीहेकडे, म्हणजे प्रतिकार पेशींच्या कोठाराकडे, जाणाऱ्या चेतांवरचा मेंदूचा ताबा सुटतो आणि संसर्गाशी लढणाऱ्या पेशीच थंडावतात. माझी इजा खाली, म्हणून मी त्यातून वाचलो. माझे शत्रू दोन: लघवीतला संसर्ग आणि बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम.

काकूंचा काढा नको म्हणत नाही, त्यांना वाईट वाटतं. बाटली ओट्यावर ठेवतो आणि चहाला थांबवतो. बायको रात्री दर दोन तासांनी अलार्म लावून मला कुशीवर वळवते. दिवसा खुर्चीत हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, ते माझं मी करतो. सकाळी ती आरसा धरते आणि मी पाठ, टाचा बघतो. आज डाव्या टाचेवर लालसर डाग होता. बोटाने दाबला, पांढरा पडला, सोडल्यावर पुन्हा रंग आला. म्हणजे सोर नाही अजून. टाचेखाली उशी सरकवली आणि आंघोळीला गेलो.