सेट झालं का?

परवा पिंपळगावहून मामांचा फोन आला. हातात कणीक होती म्हणून स्पीकर लावला. मामा म्हणाले, "यंदा ऐन सेटिंगला पाऊस झाला गं. सगळी सेटिंग बिघडली." सोफ्यावर लोळणारी माझी लेक उशीत तोंड खुपसून हसायला लागली. ती कॉलेजात आहे, तिथे सेटिंग कशाला म्हणतात ते वेगळं सांगायला नको. सत्तरीतल्या मामाआजोबांची सेटिंग बिघडली आणि तीसुद्धा पावसाने, हे तिला आवरेचना.

मामांची सेटिंग द्राक्षाची. ऑक्टोबर छाटणीनंतर दीडेक महिन्यात फुलोरा येतो, तो सरला की घडावर मोहरीएवढे मणी धरतात. 'फळधारणा' हा शब्द कृषी खात्याच्या पत्रकात शोभतो. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे बागेत उभा असलेला माणूस सेटिंगच म्हणतो. त्या चार-आठ दिवसांत पाऊस आला की गळ होते, कूज लागते, डावणी नावाचा बुरशीचा रोग येतो आणि फवारणीचा पंप खाली ठेवायची सोय उरत नाही. सगळं वर्ष त्या आठवड्यावर उभं असतं. हे सांगितल्यावर लेक हसायची थांबली, पण माझ्या डोक्यात तो शब्द शिरला तो शिरलाच.

दिवसभर मग सेट ऐकू यायला लागला. भांडी बाजारात जावेच्या मुलीसाठी डिनर सेट बघितला. दुकानदार म्हणाला, सेट फोडून मिळणार नाही. समोरच्या इमारतीत मिस्त्री ओरडत होता, स्लॅब सेट होऊ दे रे! (साध्या सिमेंटने ३० मिनिटांच्या आत आवळायला सुरुवात करू नये आणि ६०० मिनिटांच्या आत आवळून मोकळं व्हावं, असं मानकच आहे. माणसांना अशी मुदत घालून देता आली असती तर!) शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमचा पुतण्या पुण्यात सेट झाला का?" म्हणजे नोकरी लागली, फ्लॅट घेतला, आता लग्नाचं बोलायला हरकत नाही. तोच पुतण्या प्राध्यापकीसाठीच्या सेट परीक्षेला दोनदा बसला आहे, तो सेट निराळा. टीव्हीवरच्या डब्याला तर आमच्या गल्लीत सगळे सेटअप बॉक्सच म्हणतात. खरं नाव सेट टॉप आहे हे मी एकदाच सांगून पाहिलं.

बिचाऱ्या इंग्रजांचीही यातून सुटका नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली, त्यात सर्वांत लांब नोंद या तीन अक्षरी शब्दाची होती, ४३० हून जास्त अर्थ. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, त्या क्रियापदाचे म्हणे ६४५ अर्थ मोजले. धावणाराच पुढे जाणार, त्यात काय.

मला खरी गंमत वाटली ती सेटच्या मुळाशी. 'सिट' म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप ते 'सेट', म्हणजे बसवणे. (डिनर सेटमधला सेट मात्र वेगळ्या वाटेने, लॅटिन-फ्रेंचमधून आलेला पाहुणा. एकाच घरात राहून राहून दोघांचे चेहरे सारखे झाले.) 'सिट'ची आणि संस्कृतातल्या 'सद्' धातूची भाऊबंदकी आहे. सभासद, परिषद, उपनिषद ही सगळी बसलेली मंडळी त्याच घरातली.

आणि बसण्यावर आलो तर मराठीने इंग्रजीपुढे मान खाली घालायचं कारण नाही. आपल्याकडे गणपती बसतात, घट बसतात, वणीच्या गडावर जाणाऱ्यांचा देवीचा जयजयकार करून घसा बसतो. चप्पल पायाला बसते, फटका पाठीत बसतो, खर्च तीनशे बसतो. विश्वास बसतो, धक्का बसतो, पोळ्या लाटून लाटून हात बसतो. संसाराची घडी बसते ते चांगलं, धंदा बसतो ते वाईट. केक बसला की टाकून द्यावा लागतो, तोच गणित बसलं की पेढे वाटावेत. इंग्रजीत जेली सेट झाली म्हणजे काम फत्ते. आपल्या बसण्यात स्थिर होणं आणि कोसळणं एकाच पाटावर शेजारी. परभाषकाने हे शिकायचं कसं? आणि नाशिकसारख्या वाइनच्या गावात एखाद्याने संध्याकाळी "बसू या का?" म्हटलं तर त्याला खुर्ची पुढे करणारा माणूस भोळाच म्हणायचा.

सूर्य तेवढा आपल्याकडे बसत नाही. तिकडे सेट होतो, इथे मावळतो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उभं राहून पाहावं तर मावळणंच पटतं. आणि मामांच्या गावाचं पूर्ण नाव पिंपळगाव बसवंत, म्हणजे नावातच 'बसवंत' आहे, पण त्याचा बसण्याशी संबंध जोडायचा मोह मी आवरते, नाहीतर तिकडचे लोक मला गावात येऊ देणार नाहीत.

हे सगळं मामांना ऐकवावं म्हणून संध्याकाळी फोन लावला. मामींनी उचलला.

"मामा कुठेत?"

"बागेत."

"इतक्या उशिरा? फवारणी चाललीय का?"

"फवारणी दुपारीच झाली. आभाळ परत भरून आलंय ना. बांधावर बसलेत."