आंब्याच्या कलमावरून पडून टाच मोडली – माझा अनुभव

झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन कलमावर चढलो होतो, पायाखालची फांदी कडकन मोडली आणि खाली कातळावर उभाच्या उभा उजव्या टाचेवर आलो. आधी वाटलं घोटा मुरगळला. वाडीतले म्हणाले लेप लावा, चोळून घ्या, पण संध्याकाळपर्यंत टाच इतकी सुजली की तिचा आकारच गेला आणि तळव्याच्या खोलगट भागात काळानिळा डाग उतरला. रत्नागिरीत हाडांच्या डॉक्टरांनी तो डाग बघितला आणि म्हणाले, काका टाचेचं हाड मोडलेलं दिसतंय, आणि पाठोपाठ विचारलं, कंबर दुखते का? मला कळेना, पाय सुजलाय तर कंबर कशाला. तर उंचावरून टाचेवर पडलं की धक्का तसाच वर जातो आणि कमरेचा मणकाही दबू शकतो, म्हणून पाठीचा पण एक्सरे काढला. मणका शाबूत निघाला, देवाची कृपा. पण आंब्यावरून माडावरून कोणी असं पडलं तर पाठ तपासून घ्याच, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

मग सीटीस्कॅन झाला आणि डॉक्टरांनी स्क्रीनवर सगळं दाखवलं. एका पावलात 26 हाडं, त्यातली 7 घोट्याखाली मागच्या भागात, आणि त्यात सगळ्यात मोठं हे टाचेचं, कॅल्केनियस. त्याच्यावर टॅलस, टॅलसवर नडगीचं हाड, म्हणजे अख्ख्या अंगाचा भार तिथूनच खाली येतो. कॅल्केनियस बाहेरून पातळ कवच आणि आत सगळी जाळी, फोडलेल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखं, त्यामुळे ते नुसतं तडकत नाही, चेपतं. एक्सरेत त्याचा एक कोन मोजतात, बोहलर अँगल, तो साधारण 20 ते 40 अंश असतो, माझा जवळजवळ सपाट झाला होता.

मला वाटलं उद्याच ऑपरेशन. पण टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली मांस जवळपास नाहीच, सुजेवर कापलं तर जखम नीट भरत नाही, म्हणून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत थांबायचं. पाय उशांवर, बर्फाचा शेक, तंबाखू पूर्ण बंद (त्याने जखम चिघळते), आणि रोज सकाळी बायको टॉर्च घेऊन सुरकुत्या बघायची. भाऊ चिडला, दिवस फुकट चाललेत, दुसरीकडे नेऊया म्हणाला, पण मी हललो नाही आणि ते बरंच झालं, जखम छान भरली.

प्लेट-स्क्रू बसले. त्यानंतर कितीतरी आठवडे पाय जमिनीला टेकवायचाच नाही, हे खरं कठीण. आमचा संडास बैठा, त्यामुळे भोकाची खुर्ची आणली, पडवीच्या पायऱ्या बसून बसून चढायचो. फिजिओ मॅडमनी अंगठ्याने हवेत अ आ इ ई काढायला लावलं, ते मात्र मन लावून केलं.

पाऊल वर-खाली लवकर व्हायला लागलं, तो नडगी आणि टॅलसचा सांधा. आतबाहेर कलणं अजून अडकतं, ते काम टॅलस आणि टाचेमधल्या सबटेलर सांध्याचं, आणि खडबडीत जमिनीवर तोच लागतो. आमच्याकडे सपाट जमीन आहे कुठे, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), कातळ नाहीतर वाळू! घरातल्या लादीवर व्यवस्थित चालतो, पाखाडी उतरताना काठी लागते, चपलेत मऊ पॅड घातलाय. प्लेट टोचत नसेल तर काढायची गरज नाही म्हणालेत, त्यामुळे तशीच ठेवलीय.