पाच नोडची साखळी: स्लॉट सारखे, वाटा नाही

मांडणी वायरलेस सेन्सरच्या जाळ्याची. सगळा डेटा गोळा करणारा गेटवे, त्याच्यापुढे एका ओळीत पाच नोड (सेन्सरची रेडिओ यंत्रं; गेटवेला लागून नोड १), सगळे एकाच चॅनेलवर. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, नोडांमधून हातोहात गेटवेपर्यंत जातं. प्रत्येकाचा रेडिओ फक्त शेजाऱ्यापर्यंत पोचतो. म्हणून नोड १ आणि नोड ४ एकाच वेळी पाठवू शकतात, पण १, २, ३ मधल्या दोघांनी एकदम तोंड उघडलं की पॅकेट गेलंच.

पाळीपाळीने प्रत्येकाला एक स्लॉट (पाठवायला ठरलेला वेळेचा तुकडा), हा झाला तुलनेचा पाया. दिसायला अगदी न्याय्य! पण सगळ्यांकडे भरपूर डेटा असला आणि प्रत्येक नोड एकदा स्वतःचं, एकदा मागून आलेलं पॅकेट पाठवत असला, तर गेटवेपाशी वाटे पडतात १/२, १/४, १/८, १/१६, १/१६. जैन निर्देशांक (वाटणी किती समान ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अगदी समान) ०.६०. बाकीचं मधल्या नोडांच्या बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) सांडतं, आणि ६० स्लॉटमध्ये गेटवेच्या हाती येतात जेमतेम १२ पॅकेट.

मग स्लॉट नोडऐवजी फ्लोच्या, म्हणजे प्रत्येक नोडपासून गेटवेपर्यंतच्या डेटाच्या ओघाच्या, हिशेबाने वाटले. प्रत्येकाचं एक पॅकेट पोचवायचं तर लिंकवर (शेजाऱ्यांमधल्या जोडणीवर, गेटवेकडून मोजत) ५, ४, ३, २, १ असा भार येतो. पहिल्या तीन लिंक एकमेकींच्या आड येतात, त्यामुळे १२ स्लॉट लागणारच. चौथी आणि पाचवी मात्र पहिल्या-दुसरीच्या स्लॉटमध्ये फुकटात बसतात. ६० स्लॉटमध्ये २५ पॅकेट, प्रत्येकाची ५.

गणितज्ञ फ्रँक केली यांची प्रमाणबद्ध वाटणी (दरांच्या लॉगची बेरीज कमाल करायची) लावली की १२, ६, ४, ४, ४ होतात. एकूण ३०, निर्देशांक ०.७९. आकडा मोठा, पण सेन्सरच्या जाळ्यात मागच्या तिघांचं एकेक पॅकेट काढून पहिल्याला सात जादा देणं मला पटत नाही. १२ स्लॉटचंच वेळापत्रक ठेवलंय.

अर्थात हे सगळं भार स्थिर असेल तरच. बदलत्या भारासाठी टॅसिउलस आणि एफ्रेमिडिस यांची १९९२ची बॅकप्रेशर पद्धत घालतोय: ज्या लिंकच्या दोन टोकांच्या रांगांत फरक जास्त, तिचं वजन जास्त, एकमेकींना न अडवणाऱ्या लिंकचा सर्वांत वजनदार संच निवडायचा. सर्वसाधारण रचनेच्या जाळ्यात ही निवड एनपी-हार्ड (झटपट सोडवायची पद्धत माहीत नसलेली), साखळीत मात्र डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या (छोट्या उत्तरांवरून मोठं उत्तर बांधायच्या पद्धतीच्या) चार ओळी. रांगेची लांबी प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्येच जाते. खटकतं ते एवढंच की भार हलका असला तर रांगांचा उतार तयार होत नाही आणि पॅकेट मधेच रेंगाळतं.

स्लॉट पाळायला सगळ्या नोडांची घड्याळं जुळायला हवीत, म्हणून त्यांचं गणितही बसवलं. २० पीपीएमचे (दहा लाखांत २० भाग चूक असलेले) दोन घड्याळांचे क्रिस्टल उलट दिशांना सरकले तर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. १ मिलिसेकंदाचा गार्ड (दोन स्लॉटमध्ये राखलेली मोकळी जागा) २५ सेकंदांत संपतो. सध्या दर १० सेकंदांनी गेटवेचा बीकन (वेळ जुळवणारा संदेश) पुढे जातो.