श्रीखंडाचा डबा आणि कोकम सरबत

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांच्या घरी दर दोन वर्षांनी टपालाने एक छोटी बाटली येते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना भरून परत पाठवायचा, एवढंच काम. मुंबईत अशी बाटली कोणी पाठवत नाही. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत, मोठं आतडं नाही. तेव्हा पंचेचाळिशी-पन्नाशी उलटली की आपणच लॅबच्या खिडकीशी जायचं. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर चाळिशीतच डॉक्टरांशी बोला.

मागताना ‘फिट’ म्हणून मागा, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी. नुसतं ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ म्हटलं तर जुनी रासायनिक चाचणी होऊ शकते. तिला मटणातलं रक्तही चालतं, कच्चा मुळाही फसवतो, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेत असाल तर असलेलं रक्तही दिसत नाही. फिट फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे पथ्य नाही.

खरा घोळ संडासात होतो. शौच भांड्यातल्या पाण्यात पडलं किंवा जेटचं पाणी लागलं की नमुना गेला. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन कोरडा करा, आत कागद घाला आणि तो खाली धरा. लघवी आधी उरकून घ्या. बाटलीच्या झाकणालाच काडी असते, टोकाला बारीक खाचा. ती चार-पाच वेगवेगळ्या जागी खरवडायची. खाचा भरल्या की पुरे. ‘जरा जास्तच देऊ’ म्हणून गोळा कोंबला तर निकाल बिघडतो. काडी आत घालून झाकण घट्ट लावलं की पुन्हा उघडायचं नाही. तारीख तिथल्या तिथे लिहा.

मग ऊन. हिमोग्लोबिन उष्णतेत मोडतं, म्हणजे रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह. मे महिन्यात बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून ऑफिस गाठू नका. त्याच दिवशी लॅबला देणं उत्तम. उशीर होणार असेल तर पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त येत असताना नमुना घेऊ नये.

पॉझिटिव्ह आली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: ‘मूळव्याध असेल.’ असेलही. बहुतेक पॉझिटिव्ह लोकांना कर्करोग नसतोच. पण पॉलिप, म्हणजे आतड्यातला मांसल कोंब, थांबून थांबून रक्त सोडतो. म्हणून पुन्हा फिट केली आणि ती निगेटिव्ह आली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, नुसते महिने जातात. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून आतडं आतून पाहणं. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात आणि त्याआधी पॉलिप दुर्बिणीतूनच काढता येतो.

कोलोनोस्कोपी फसते ती आतडं साफ नसल्याने. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, भेंडी, वांगं, टोमॅटो, पेरू, तीळ बंद. पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, दही चालतं. पेरूची बी नळीत अडकते, हे ऐकून लोक हसतात, डॉक्टर हसत नाहीत. आदल्या दिवशी फक्त गाळलेलं पातळ: नारळपाणी, लिंबूपाणी. कोकम सरबत आणि बीटाचा रस नको. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. आतडं साफ करणाऱ्या पावडरचं पाणी थंड करून एकेक पेला दहा-पंधरा मिनिटांनी घ्या. निम्मं आदल्या रात्री आणि निम्मं सकाळी प्यायलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. शेवटी लघवीसारखं पिवळसर, गाळ नसलेलं पाणी पडायला हवं. चहाचा रंग असेल तर लॅबला नाही, कोलोनोस्कोपी सेंटरला फोन करा.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायच्या असतात. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका. भूल दिली असेल तर घरी न्यायला माणूस हवा, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

शौचातून रक्त पडतंय, शौचाची सवय बदललीय, वजन उतरतंय किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय घटलंय, तर फिटच्या फंदात पडू नका. अशी आपणहून केलेली तपासणी धडधाकट माणसांसाठी आहे. तुम्ही सरळ डॉक्टर गाठा.