पातळ आमटीचा हिशेब

जूनमध्ये आई न्हाणीघरात घसरली आणि डाव्या मनगटाला प्लास्टर बसलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण डॉक्टरांना काळजी पायांची वाटत होती. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ती मागे बसली. वय ७१, वजन ५४ किलो. "मांड्यांचा स्नायू गेलाय," ते म्हणाले, "खातात काय ह्या?" आई लगेच म्हणाली, "सगळं खाते की. दोन टाइम भाकरी खाते."

ते खरंच होतं. म्हणूनच मला ते लागलं. आमच्या घरात कुणाला उपाशी ठेवत नाहीत. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी घर, अंडंही आणत नाही.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. तीच सवय घरात वापरली. बायकोने केक करायला आणलेला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि तीन दिवस आईच्या ताटात जे जाईल ते लिहून काढलं. स्नायू प्रथिनांनी बनतो, म्हणून मोजली ती प्रथिनं. दिवसाची सरासरी अशी आली. चहातलं दूध साडेतीन ग्रॅम, खारी दीड ग्रॅम. दिवसाच्या दोन भाकऱ्या, एकीला साधारण ६० ग्रॅम पीठ. ज्वारीत शंभराला दहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे बारा. चमचाभर शेंगाची चटणी अडीच. भात चार, ताक दोन, भाजी दीड. आणि आमटी चार. एकूण ३१.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईला ४५. पण उतारवयात स्नायू टिकवायचा तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईचा आकडा ५४ च्या वर जायला हवा होता. आधी त्यांनी किडनीची रक्ततपासणी करून घेतली. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत, हे मी मुद्दाम लिहितोय.

आता त्या चार ग्रॅम आमटीबद्दल. आमच्याकडे पाच माणसांच्या दोन वेळच्या आमटीला १०० ग्रॅम तूरडाळ पडायची. काळं तिखट, चिंच, लसणाची फोडणी, वर तर्री. कडक भाकरी कुस्करून खायची तर आमटी पातळच लागते, घट्ट आमटीत ती भिजत नाही. शंभर ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं, पाच जणांत वाटली की चार-साडेचार. तेही सगळ्यांना सारखी वाटली तर.

चौथ्या दिवशी मी आई वाढून घेताना जवळ उभा राहिलो. तिने पळी पातेल्यात वरच्यावर बुडवली. तर्री आणि पाणी घेतलं, एकदा, दोनदा. डाळ तळाशी बसलेली होती. मी म्हणालो, "आई, खालून घे की." ती म्हणाली, "खालचं पोरांना राहू दे. मला पातळच गोड लागतं." चाळीस वर्षांपूर्वी आम्ही तिघं भावंडं पंगतीला बसायचो, तेव्हाही ती पळी तळापर्यंत घालून आमच्या ताटात घट्ट वाढायची आणि शेवटी स्वतः पातेलं कलतं करून घ्यायची. तेव्हा डाळ पुरवून वापरावी लागायची. आज डब्यात बार्शीची तूरडाळ पाच किलो आहे, तरी हाताला तेच वळण. त्या दुपारी मी कारखान्यात गेलो खरा, पण कामात लक्ष लागलं नाही.

आमच्याकडे एक पक्की समजूत आहे की भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे ताकदीचं जेवण. चटणीवर माझा जीव आहे. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. शेंगदाण्यात प्रथिनंही डाळीइतकीच, शंभराला चोवीसच्या आसपास. पण चमचाभर खाऊन त्यातली किती मिळणार, आणि वाटीभर खावी तर निम्मं तेलच. शिवाय प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातलं लायसीन ज्वारीत फार कमी असतं आणि शेंगदाण्यातही ते पुरेसं नसतं. मागावर बसलेल्या माणसाला हे पटकन कळेल: ताणा कितीही भरलेला असो, बाण्याचं सूत संपलं की कापड पुढे सरकत नाही. भाकरीला जे कमी आहे ते डाळीत, हुलग्यात, मटकीत, दूध-दह्यात भरपूर असतं. भाकरीबरोबर चटणी असावीच, पण चटणी डाळीची जागा घेत नाही.

मधल्या काळात एका दुकानातून प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणला. आईने दोन दिवस घेतली, पोट फुगलं, बंद केली. सोयाबीनचंही करून पाहिलं. कच्चं सोयाबीन दळायचं नसतं, त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत, म्हणून नीट भाजून ज्वारीत मिसळून दळून आणलं. भाकरी थापताना चिरली आणि आईला वास सहन झाला नाही. जबरदस्ती केली नाही.

जमलं ते तिच्या ओळखीच्या खाण्यातून. आमटीला डाळ दुप्पट केली, आणि आईचं ताट आता बायको किंवा मी वाढतो, पळी तळापर्यंत घालून. भाकरी भिजायला पातळ हवंच, म्हणून शिजलेल्या डाळीचं वरचं पाणी काढून त्याची वेगळी कटाची आमटी करतो आणि खालची डाळ वाटीत घट्ट देतो. सकाळी खारीऐवजी मूगडाळीची धिरडी, ४० ग्रॅम डाळीची. त्यात साडेनऊ ग्रॅम येतात. ताकाऐवजी वाटीभर दही. झोपताना म्हशीचं पेलाभर दूध. दातांमुळे फुटाणे चावत नाहीत, तर पंढरपुरी डाळं मिक्सरमधून काढून भाजीला लावतो. एवढ्यावर आकडा ५४-५५ ला टेकतो.

आणि माडगं. हे तिनेच सुचवलं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, जिऱ्या-लसणाची फोडणी, पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. पहिल्यांदा मी ढवळलं तेव्हा गुठळ्या झाल्या. आई स्टुलावर बसून सांगत होती, "पीठ आधी गार पाण्यात कालव रे, मग सोड." दुसऱ्या वेळी नीट जमलं. भाजलेल्या हुलग्याचा तो मातकट, खमंग वास घरभर पसरला आणि धाकटी पोरगी वाटी घेऊन आली. तिची आज्जी बाळंतिणीला माडगं का देतात ते सांगत बसली आणि बोलता बोलता स्वतःची वाटी संपवली.

नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाही. त्याला काम द्यावं लागतं. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठबस करायला सांगितली, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा. आधी दोन्ही हात टेकून, मग एक. नवरात्रात तिने पहिल्यांदा हात छातीशी धरून एकदा उठून दाखवलं. आज सलग आठ होतात. वजन दीड किलोने वाढलंय.

परवा वेळ अमावस्येला, मार्गशीर्षातल्या शेताच्या सणाला, अक्कलकोट तालुक्यातल्या मामाच्या शेतात गेलो होतो. भज्जी केली होती. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, ओला हरभरा, शेंगा, पालेभाज्या, सगळं बेसनात आणि चिंचेच्या कोळात शिजवलेलं, बरोबर सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे आणि आंबील. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, मग ज्वारीच्या पाटाशेजारी सतरंज्या पसरून सगळे जेवायला बसले. मामी भज्जीचं पातेलं घेऊन फिरत होती. आईने ताट पुढे केलं आणि म्हणाली, "वरचं नको गं. खालून वाढ."

जेवण झाल्यावर ती एका हाताने भावाचा खांदा धरून उठली. बांधापर्यंत मात्र कुणालाच न धरता चालत गेली.