पान अकरावरचा दिवस

सकाळी साडेनऊला डॉक्टरांचा फोन. "ताई, पुस्तिका गाईंचीच आहे ना? मग पान अकरावर हे पंचांग कुठून आलं?"

मी साताऱ्यात भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं करते. बियाण्यांची माहितीपत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, वेळ पडली तर लग्नपत्रिकासुद्धा. त्या आठवड्यात एका दूध संघाची ३२ पानी पुस्तिका हातात होती: गाई-म्हशींची काळजी, व्यायच्या आधी आणि व्याल्यावर. मजकूर मुळात इंग्रजी, भाषांतर माझं, आणि तपासायला पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले हे डॉक्टर. दुपारी चारला फाइल छापखान्यात जायची होती. पाच हजार प्रती.

पान अकरा उघडलं. तिथे होतं: ‘व्याल्यानंतर १२ तासांत दिवस पडला नाही तर तो ओढू नये. लोंबणाऱ्या दिवसाला चप्पल किंवा दगड बांधू नये.’

मी लिहिलं होतं ‘वार’. वासरू बाहेर आल्यावर मागून पडते ती, इंग्रजीत प्लासेंटा. गाईची वार साधारण ८ ते १२ तासांत पडायला हवी. नाही पडली तर आपल्याकडे तिला काहीतरी जड बांधायची जुनी खोड आहे, वजनाने आपोआप सुटेल म्हणून. त्यात गाईला रक्तस्राव होतो, कधी मायांग, म्हणजे गर्भाशयच, बाहेर येतं. ते पान त्यासाठीच होतं.

हा प्रताप कोणाचा, ते विचारावं लागलं नाही. आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी एक मुलगा आला होता. पुण्यात वाढलेला, मराठीत एम. ए., शुद्धलेखनात माझ्यापेक्षा पक्का. त्याला पहिल्याच दिवशी मीच शिकवलं होतं, "एका पानावर एकच शब्द सारखा सारखा आला की वाचणारा कंटाळतो. समानार्थी शब्द बघत जा." पान अकरावर ‘वार’ नऊ वेळा होता. त्याने चार ठिकाणी बदलला. वर ‘पडली’चं ‘पडला’ आणि ‘ती’चं ‘तो’ करून व्याकरणही चोख जुळवलं.

मी रागवायच्या तयारीत होते, पण त्याचा चेहरा बघून खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. पहिल्या पानापासून तू काय काय बदललंस ते दाखव."

पान चार. माझं वाक्य होतं ‘माजाची लक्षणे’. तिथे ‘गर्वाची लक्षणे’ झालं होतं. गाय फळायला तयार होते तो माज, पण ‘माज’ त्याला असभ्य वाटला. खाली सगळं माझंच: गाय सारखी हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, काचेसारखा बळस, म्हणजे चिकट स्राव, टाकते. आणि मग: ‘गर्व सकाळी दिसल्यास संध्याकाळी कृत्रिम रेतन करावे, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी.’ पुढच्या परिच्छेदात म्हशींबद्दल चौकट होती. म्हैस पुष्कळदा हंबरत नाही, चढत नाही, माजावर आलेली कळतच नाही. त्याला मुका माज म्हणतात. चौकटीचं शीर्षक झालं होतं ‘मुका गर्व’. आता मला हसू आवरेना. तोही हसला, जरा उशिरा.

पान सात: ‘भाकड’ हा शब्द त्याला अपमानास्पद वाटला. भाकडकथा म्हणजे निरर्थक कथा, म्हणून ‘विण्याआधी ६० दिवस गाय निरर्थक ठेवावी’. कासेला विश्रांती मिळावी म्हणून ते दोन महिने धार काढायची नसते, एवढाच त्याचा अर्थ. पान तेरा: ‘जन्मल्यावर शक्यतो तासाभरात वासराला डिंक पाजावा. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी सुमारे ३ लिटर.’

"तीन लिटर डिंक," मी म्हटलं.

"‘चीक’ला ‘डिंक’ दिलाय यादीत," तो म्हणाला. खोटं नव्हतं. रुईच्या पानाचं देठ मोडलं की येतो तो चीकच. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून काढतो तोही चीकच. त्याने खरवस आयुष्यभर खाल्ला होता, पण तो ज्याचा होतो त्याला चीक म्हणतात हे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. डेअरीतून पिशवी येते, वडी होते. त्याला तरी काय दोष देणार?

मग आम्ही ‘वार’वर परत आलो, कारण मला तिथे एक गोष्ट दाखवायची होती. मी कागदावर लिहिलं: तो वार, सोमवार-मंगळवारवाला. तो वार, तलवारीचा. तो वार, कापडाचा, नऊवारीतला. आणि ती वार, गाईची. चारांत एकटीच स्त्रीलिंगी. "तुला ‘पडली’चं ‘पडला’ करावं लागलं ना? तिथेच थांबायचं होतं. शब्दाचं लिंग बदलावं लागतंय म्हणजे आपण दुसराच शब्द उचललाय."

तशा जोड्या मग त्यालाच सुचत गेल्या. ती मान आणि तो मान. तो हार आणि ती हार. ती माळ गळ्यातली, तो माळ गावाबाहेरचा. ते बोट हाताचं, ती बोट समुद्रातली. शब्दकोशात शब्दापुढे पु., स्त्री., न. अशी बारकी अक्षरं असतात, ती आपण वगळून थेट अर्थाकडे जातो. मी स्वतः पुष्कळ वर्षं वगळली.

पण लिंग प्रत्येक वेळी वाचवत नाही. चीक तिन्ही ठिकाणी पुल्लिंगीच. माजही दोन्हीकडे ‘तो’. तिथे शेजारचं क्रियापद बघावं लागतं. माणसाला माज चढतो आणि लोक तो उतरवतात. गाय माजावर येते. गर्वावर कोणी येत नाही. डिंक कोणी पाजत नाही. त्याला हे पटलं. पेन घेऊन तो सगळे बदल उलटे फिरवू लागला आणि मी चहा ठेवायला उठले.

चहा गाळत असताना त्याने हाक मारली. "ताई, हाही मीच बदललाय. पान चोवीस."

माझं वाक्य: ‘पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घ्यावी.’ त्याचं: ‘पावसाळ्यापूर्वी डिप्थेरियाची लस टोचून घ्यावी.’

इथे हसू आलं नाही. लहान मुलांना त्रिगुणी लस देतात ती डांग्या खोकला, धनुर्वात आणि घटसर्पाची, आणि तो घटसर्प म्हणजे डिप्थेरियाच. शब्दकोशात, आरोग्य खात्याच्या जुन्या पत्रकांत तोच अर्थ. गाई-म्हशींचा घटसर्प मात्र वेगळा. त्याचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा. जोराचा ताप येतो, घसा सुजतो, श्वासाला घरघर लागते आणि पुष्कळदा जनावर एक-दोन दिवसांत जातं. नाव एक, दोन्ही घशाशीच, दोन्ही ‘होतात’, दोन्हींची लस. लिंग सारखं, क्रियापद सारखं. आजारी कोण, एवढाच काय तो फरक.

डॉक्टरांना फोन लावला. ते पान बारापर्यंतच पोचले होते. क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे माझ्याही नजरेतून सुटलं असतं. गोठ्यात तो शब्द मला एकाच अर्थाने दिसतो, मी वाचलाच नसता, नुसता पाहिला असता."

आम्ही ‘जनावरांचा घटसर्प’ असं केलं. एक शब्द वाढला, ओळ खाली सरकली, चौकट फुटली. डीटीपीवाल्या दादांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात माझीही एक चूक निघाली. पान अकराचं शीर्षक मी दिलं होतं ‘अपरा न पडणे’. पुस्तकी भाषांतराची सवय. शीर्षकात जरा भारदस्त शब्द बरा वाटतो. पण मुलासमोर एवढं शिकवून झाल्यावर ते डोळ्यांना टोचायला लागलं. म्हणून आत्याला फोन केला. तिच्या गोठ्यात चार गाई आहेत.

"आत्या, गाय व्याली की मागून पडतं त्याला तुम्ही काय म्हणता?"

"जार. का गं, काय झालं?"

"आणि वार म्हटलं तर?"

"कळतं की. माझी जाऊ वारच म्हणते."

"आणि अपरा?"

"ती कुणाची?"

शीर्षक बदललं: ‘वार (जार, झार) न पडणे’. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या नोकरीतल्या गावांत तिन्ही ऐकलेत, तिन्ही ठेवा. म्हणजे समानार्थी शब्द शेवटी आले, पण कंटाळा घालवायला नाही, ज्याच्या घरात जो शब्द आहे तो त्याला सापडावा म्हणून. आणि तेही एकदाच, शीर्षकात. खाली सगळीकडे वार.

साडेतीनला मुलाने पान अकरा शेवटचं वाचलं. मोठ्याने, बोट ठेवून. मग म्हणाला, "शीर्षक सोडून नऊ वेळा ‘वार’ आहे. राहू दे?"

"राहू दे."

थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटला, "तसं ‘दिवस’ तरी कुठे सरळ आहे. दिवस गेले, दिवस राहिले, दिवस भरले, दिवस घातले..." गाभण गाईच्या पुस्तिकेत ‘दिवस पडला’ वाचून कोणी काय समजलं असतं, याचा विचार आम्ही दोघांनीही तिथेच सोडला. चारला पाच मिनिटं कमी असताना फाइल गेली.

दुसऱ्या दिवशी मला यायला उशीर झाला. टेबलावर एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल पहिलं वाचन होऊन पडला होता, वर त्याची चिठ्ठी: ‘पान ३ वर "भाग" सतरा वेळा आहे. एकालाही हात लावलेला नाही, फक्त मोजले.’